ज्याच्या शब्दावर बँका कर्ज द्यायच्या, तो प्रेमचंद रायचंद कापसाचा भाव पडल्यावर कसा बुडाला?

जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, असं मराठवाड्यात जुनी माणसं आजही म्हणतात. शेती पिकते म्हणून तर ही म्हण आहेच, पण त्यापेक्षा ती जालन्याच्या बाजारपेठेमुळे आहे. धान्याचा मोंढा, बियाणं, सळई, मोसंबी आणि कापूस. दिवाळीच्या आगेमागे अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन अशा सगळ्या तालुक्यांतून कापूस निघतो. काही जण तो थेट जिनिंगवर नेऊन घालतात, काही जण खेडा खरेदीवाल्याला दारातच देऊन टाकतात. आणि त्या पैशावर पुढचे दोन-तीन महिने कापड दुकान, सराफा, मोबाईलवाला, किराणावाला सगळे चालतात.

म्हणजे घाऊक बाजारात भाव चढला की किरकोळ बाजारात गर्दी होते, इतकं साधं गणित आहे.

पण मग एक प्रश्न येतो. एखाद्या वर्षी व्यापार दुप्पट झाला असं कुणी सांगितलं, तर त्याचा अर्थ माल दुप्पट विकला गेला असा घ्यायचा, की तेवढाच माल दुप्पट भावाने विकला गेला असा?

दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि हा फरक न कळल्यामुळे एकदा अख्खी मुंबई बुडाली होती. त्या बुडण्याच्या मधोमध एक माणूस होता. त्याचं नाव प्रेमचंद रायचंद.

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तुम्ही पाहिला असेल. तो याच माणसाच्या पैशातून उभा राहिला. त्याची ही गोष्ट.

सुरतेचा पोरगा मुंबईत येतो

प्रेमचंदचा जन्म सुरतचा, १८३० च्या दशकाच्या सुरुवातीचा. घर जैन, वडील रायचंद दीपचंद छोटे व्यापारी. एकेकाळी मुघलांचं सगळ्यात मोठं बंदर असलेलं सुरत तोवर मागे पडलं होतं. व्यापार मुंबईकडे सरकला होता आणि त्यामागोमाग माणसंही. रायचंदांचं कुटुंबही मुंबईला आलं.

प्रेमचंद एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकला. तिथे त्याला इंग्रजी आलं. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण तेव्हा मुंबईचे बहुतेक देशी दलाल इंग्रजांशी दुभाष्यामार्फत किंवा मोडक्यातोडक्या बोलीत व्यवहार करायचे. इंग्रजी लिहिता, वाचता आणि बोलता येणारा पहिला देशी शेअर दलाल म्हणून प्रेमचंदचंच नाव घेतलं जातं.

१८४९ च्या सुमारास तो एका जुन्या दलालाच्या हाताखाली कामाला लागला. त्या वेळी मुंबईत शेअर दलाली हा काही मोठा धंदा नव्हता. बँका आणि पेढ्या ज्यांना ओळखतात असे दलाल जेमतेम अर्धा डझन. त्यांचा बाजार भरायचा टाऊन हॉलसमोर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या भागात, वडाच्या झाडाखाली. ऑफिस नाही, घंटा नाही, फलक नाही. तोंडी सौदा आणि शब्दाला किंमत.

या बाजारात प्रेमचंदने काही वर्षांतच जम बसवला. शेअर, सोनं-चांदी, हुंडी आणि कापूस या सगळ्यांत त्याचा हात होता. इंग्रज कंपन्यांची भाषा त्याला कळायची आणि देशी व्यापाऱ्यांची नाडीही. दोन बाजूंच्या मधे उभा राहणारा माणूस म्हणजे दलाल, आणि दोन्ही बाजू समजणारा तेव्हा जवळपास तो एकटाच होता.

अमेरिकेत युद्ध, मुंबईत दिवाळी

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली.

याचा मुंबईशी काय संबंध?

तर तेव्हा इंग्लंडमधल्या मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरण्या जगाला कापड पुरवायच्या आणि त्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. तो बंद झाला. गिरण्या थंड पडायला लागल्या, मजूर उपाशी राहायला लागले. मग व्यापाऱ्यांनी दुसरीकडे शोध सुरू केला. कापूस भरपूर पिकतो आणि बंदरही जवळ आहे असा देश म्हणजे हिंदुस्थान. आणि बंदर म्हणजे मुंबई.

हिंदुस्थानी कापसाचा धागा आखूड असतो आणि त्यात कचरा फार असतो, म्हणून एरवी गिरणीमालक नाक मुरडायचे. आता त्यांनी तोच कापूस डोळे झाकून घ्यायला सुरुवात केली. लिव्हरपूलच्या बाजारात त्याचा भाव तीन-चार वर्षांत चौपटीच्या घरात गेला. मुंबईत लोकांनी गाद्या-उशा फाडून त्यातला जुना कापूस विकला, असंही सांगितलं जातं.

इथे प्रेमचंदचं डोकं चाललं. तेव्हा युरोपपासून मुंबईपर्यंत तार आलेली नव्हती. लिव्हरपूलचा भाव कळायचा तो टपालाच्या जहाजातून, सुमारे महिन्याभराने. ज्याच्या हातात ती बातमी आधी पडेल, तो त्या दिवसाचा राजा. प्रेमचंद म्हणे बंदराबाहेरच होड्या पाठवायचा. जहाज धक्क्याला लागायच्या आत त्याच्या माणसाच्या हाती पत्र यायचं आणि बाजाराला बातमी कळेपर्यंत त्याचे सौदे झालेले असायचे.

तिशीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस पाहता पाहता कापसाचा आणि शेअरचा बादशहा झाला.

पण वाढलं काय होतं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ.

युद्धाच्या त्या चार-पाच वर्षांत हिंदुस्थानातून जाणाऱ्या कापसाचं वजन ढोबळमानाने दीड-दोन पट झालं. पण त्याची किंमत मात्र पाच पटींच्या आसपास गेली. म्हणजे व्यापार वाढला असं जे कागदावर दिसत होतं, त्यातला मोठा हिस्सा भावाचा होता. मालाचा हिस्सा त्या मानाने लहान होता.

मालाची वाढ म्हणजे काय? जास्त जमीन लागवडीखाली आली, जास्त विहिरी झाल्या, रस्ते झाले, रेल्वे झाली, सरकी काढायची आणि गाठी बांधायची यंत्रं आली. ही वाढ टिकते. उद्या भाव उतरला तरी रस्ता जागेवरच राहतो.

भावाची वाढ मात्र ज्या कारणाने आली, ते कारण संपलं की निघून जाते. इथे कारण होतं हजारो मैलांवरचं एक युद्ध. ते कधी ना कधी थांबणारच होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते उद्याच थांबेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

मुंबईत नेहमीच्या उत्पन्नाच्या वर सात-आठ कोटी पौंड आले असा अंदाज तेव्हाचे लोक करायचे. एवढा पैसा आला, तो जाणार कुठे? नवी गिरणी काढायला यंत्र इंग्लंडहून आणावं लागतं, त्याला वेळ लागतो. शेअर मात्र वडाच्या झाडाखाली लगेच मिळतो.

शेअरचा ताप

मुंबईत कंपन्यांचं पीक आलं. १८५५ मध्ये बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्या होत्या. जानेवारी १८६५ पर्यंत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, १६ कापूस दाबणाऱ्या कंपन्या, २० विमा कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या ८ कंपन्या झाल्या होत्या. साठेक दलालांचे दोन-अडीचशे झाले. कारकून, डॉक्टर, वकील, सरकारी अधिकारी, जो तो शेअर घ्यायला लागला.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी प्रेमचंद होता. नवी कंपनी काढणारे आधी त्याच्या दारात जायचे. त्याचं नाव यादीत असलं की शेअर निघायच्या आधीच वधारायचा. कुणाला किती शेअर द्यायचे हेही बऱ्याचदा त्याच्याच शब्दावर ठरायचं.

यातली सगळ्यात गाजलेली कंपनी म्हणजे बॅक बे रेक्लमेशन. मलबार हिलपासून कुलाब्याकडे जाणारा समुद्रकिनारा बुजवून तिथे जमीन करायची, असा बेत होता. तिचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्याही वर गेला. समुद्र अजून समुद्रच होता, जमीन झाली नव्हती, पण कागदाचा भाव दहापट झाला होता.

दुसरी बाजू बँकांची. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० पासूनची प्रतिष्ठित बँक. तिच्यात सरकारचाही वाटा होता. १८६३ मध्ये नवा कायदा झाला आणि बँकेला शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. प्रेमचंदचं तिथे इतकं वजन होतं, की त्याने शिफारस केली की कर्ज मंजूर. त्याला स्वतःलाही मोठाल्या रकमा मिळाल्या.

आता हे चक्र कसं फिरत होतं ते बघा. बँक शेअर तारण घेऊन कर्ज देते. त्या कर्जातून माणूस आणखी शेअर घेतो. त्यामुळे शेअरचा भाव चढतो. भाव चढला म्हणून तारणाची किंमत वाढते. तारण वाढलं म्हणून बँक आणखी कर्ज देते. जोवर भाव चढतोय तोवर या साखळीत सगळेच श्रीमंत. भाव उतरायला लागला की हीच साखळी उलटी फिरते आणि तिला थांबवायला कुणी नसतं.

१ जुलै १८६५

१८६४ च्या शेवटी अमेरिकेत तह होणार अशा अफवा यायला लागल्या आणि कापूस डळमळला. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या सैन्याचा सेनापती ली शरण गेला. काही आठवड्यांनी ही बातमी मुंबईत पोचली.

कापसाचा भाव कोसळला. ज्यांनी चढ्या भावात माल घेऊन ठेवला होता किंवा जहाजावर चढवला होता, ते अडकले. मे महिन्यातच मोठमोठ्या पेढ्या बुडायला लागल्या.

खरा फटका पुढे होता. शेअरचे बरेचसे सौदे वायद्याचे होते. म्हणजे आज भाव ठरवायचा, पैसे आणि शेअर ठरलेल्या तारखेला द्यायचे. त्यातल्या असंख्य सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५. त्या दिवशी घेणाऱ्यांकडे पैसे नव्हते आणि देणाऱ्यांना शेअर नको होते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पैशावर अवलंबून होता आणि तो दुसरा तिसऱ्याच्या.

बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. बॅक बेचा शेअर मूळ किमतीच्याही कितीतरी खाली गेला. नव्याने निघालेल्या कंपन्यांपैकी बहुतेक गुंडाळल्या गेल्या. खुद्द बँक ऑफ बॉम्बेही १८६७-६८ मध्ये बंद करावी लागली. भागधारकांचं बहुतेक भांडवल गेलं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यात बँकेच्या कारभाराचे आणि प्रेमचंदला दिलेल्या कर्जांचे सगळे कच्चे दुवे बाहेर आले. त्याच नावाने १८६८ मध्ये नवी बँक उघडली गेली. तीच पुढे इम्पीरियल बँकेत आणि शेवटी स्टेट बँकेत विलीन झाली.

मुंबईच्या लोकसंख्येचे आकडे पाहिले की नुकसान किती खोल गेलं ते कळतं. १८६४ च्या गणतीत शहरात ८ लाख १६ हजार माणसं होती. १८७२ मध्ये ती ६ लाख ४४ हजार राहिली. कामाच्या आशेने आलेली माणसं काम संपल्यावर गावाकडे परत गेली.

गावाकडे काय झालं?

मुंबईच्या शेअर दलालांची गोष्ट सगळे सांगतात, पण ज्याच्या शेतातून कापूस निघाला त्याचं काय?

तेजीत शेतकऱ्यालाही पैसा मिळाला. वऱ्हाडाकडे काहींनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा सांगितल्या जातात. मुंबई इलाख्यात रेल्वे आणि इमारतींची कामं निघाली, मजुरी वाढली, धान्य महागलं. सावकार हात सैल सोडून कर्ज द्यायला लागले, कारण परतफेडीची खात्री होती. सरकारने याच चढत्या भावांकडे पाहून पुढे शेतसाराही वाढवला.

मग भाव उतरले. सारा मात्र उतरला नाही आणि कर्जही उतरलं नाही. सावकारांनी नवं कर्ज बंद केलं आणि जुन्यासाठी कोर्टाची वाट धरली. ही धुसफूस दहा वर्षं साचत गेली आणि मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जाचे कागद जाळले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. त्यानंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांना कर्जापासून संरक्षण देणारा कायदा झाला.

जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात होतं. गावाला कुंडलिका नदी, बाजार आणि हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, पण रेल्वे नव्हती. माल बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून जायचा. मनमाडहून येणारी रेल्वे जालन्याला पोचली १९०० च्या सुमारास. त्यानंतर इथे सरकी काढणारे आणि गाठी बांधणारे कारखाने वाढले आणि कापसाची मोठी पेठ उभी राहिली. १९०३ मध्ये छावणी उठली, तरी पेठ टिकली.

म्हणजे युद्धाच्या भावाने मुंबईला चार वर्षं फुगवलं आणि रिकामं केलं. जालन्याच्या पेठेला बळ दिलं ते नंतर आलेल्या रुळांनी.

बुडाल्यानंतरचा प्रेमचंद

प्रेमचंदवर कर्जाचा डोंगर झाला. मालमत्ता गेली, धनकोंशी तडजोडी कराव्या लागल्या. ज्या लोकांनी त्याच्या नावावर पैसे लावले होते, त्यांच्यातल्या अनेकांचं घरदार गेलं. त्याच्याबद्दल लिहिताना हे विसरून चालत नाही. तो फक्त लाटेत सापडलेला माणूस नव्हता, लाट उंच करण्यात त्याचाही हात होता.

पण त्याच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवावी लागते. तेजीच्या काळात आणि त्यानंतरही त्याने शिक्षणाला दिलेला पैसा मुंबईच्या बाहेरही पोचला. १८६४ मध्ये त्याने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले आणि पाठोपाठ घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. अट एकच, मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं. आईचं नाव राजाबाई. १ मार्च १८६९ ला पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये २८० फुटांचा मनोरा पूर्ण झाला. आईला दिसत नव्हतं आणि सूर्यास्ताच्या आत जेवायचा जैन नेम पाळायला तिला घड्याळाच्या टोल्यांचा आधार व्हायचा, अशी गोष्ट त्याच्याबद्दल सांगतात.

कलकत्ता विद्यापीठालाही त्याने २ लाख दिले. त्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती पुढे देशात मानाची ठरली. शिवाजी महाराजांवर आणि औरंगजेबावर लिहिणारे इतिहासकार जदुनाथ सरकार यांनाही ती मिळाली होती. सुरतेत मुलींची शाळा आणि अहमदाबादेत शिक्षक घडवणारं कॉलेज अशा संस्थाही त्याच्या देणग्यांवर उभ्या राहिल्या.

बुडाल्यावर तो पळून गेला नाही. पुन्हा दलालीच्या धंद्यात उतरला आणि हळूहळू सावरला. पूर्वीची बादशाही मात्र परत आली नाही. १८७५ मध्ये मुंबईच्या देशी दलालांनी आपली संघटना काढली, तिच्या संस्थापकांत त्याचं नाव घेतलं जातं. ती संघटना म्हणजे आजचा मुंबई शेअर बाजार. सौद्याला नियम नसले की काय होतं हे त्याच्याइतकं महाग शिकलेला माणूस त्यात दुसरा नसेल. १९०६ मध्ये त्याचं निधन झालं.

बॅक बे कंपनीने बुजवायला घेतलेल्या किनाऱ्याची पट्टी सरकारकडे गेली आणि तिथून रेल्वे धावली. आज चर्चगेटहून निघणारी लोकल सुरुवातीला त्याच भागातून जाते.

मग आकडे वाचायचे कसे?

आजही देशाच्या उत्पन्नाचे आकडे येतात, तेव्हा त्यात घाऊक आणि किरकोळ व्यापाराची वाढ सांगितलेली असते. हॉटेल, वाहतूक आणि दळणवळण यांच्यासोबत ती एका गटात मोजली जाते. हे आकडे दोन तऱ्हेने मिळतात. चालू किमतीचे, म्हणजे आजच्या भावाने केलेली बेरीज, आणि स्थिर किमतीचे, म्हणजे भाववाढ बाजूला काढून उरलेली वाढ. बातमीत टक्केवारी मोठी दिसली, तर ती यातली कुठली आहे हे आधी बघायचं. चालू किमतीतली वाढ मोठी आणि स्थिर किमतीतली छोटी असेल, तर व्यापारापेक्षा महागाई जास्त वाढली आहे, असं समजायचं.

हेच गावाच्या पातळीवरही लागू पडतं. मोंढ्याची उलाढाल वाढली असं ऐकलं तर विचारायचं, की पोती किती आली? गाठी किती बांधल्या गेल्या? भाव चढलाय तो इथल्या मागणीमुळे, की बाहेर कुठे पीक बुडाल्यामुळे किंवा लढाई पेटल्यामुळे? आणि त्या चढलेल्या भावावर कुणी ट्रॅक्टरचं, प्लॉटचं किंवा दुकानाच्या नव्या मालाचं कर्ज काढलंय का?

कारण भाव कधीही उतरू शकतो, कर्जाचा आकडा मात्र तेवढाच राहतो. प्रेमचंद रायचंदला हे समजायला १ जुलै १८६५ ही तारीख उजाडावी लागली.